कोणत्या केसमंदी?

या आठवड्यात माझं डोकं फिरवलं ते धानाच्या रोवणीच्या रडगाण्यानं. आमच्या राजेगावात सध्या कुणालाही गाठा, पालुपद एकच: मजूर मिळत नाही. बाया हुंड्याचा, म्हणजे ठेक्यानं रोवणीचा, भाव वाढवून मागतात, पोरं नागपूर-हैदराबादला निघून गेली, बांधावर पऱ्हे (धानाची रोपं) पिवळे पडायला आले. आणि हे रडगाणं चौकातल्या ज्या बाकावर बसून गायलं जातं, त्याच बाकाच्या टोकाला एक धडधाकट माणूस काम शोधत बसलेला असतो. जेल काटून आलेला. त्याचं नाव इथे देत नाही. गावातही त्याला नावानं हाक मारणारे थोडेच उरलेत.

मजूर शोधणारा येतो, बाजूला टेकतो, चहा सांगतो (एकच), आणि विचारतो, "कोणत्या केसमंदी गेला होता गा?"

आता हे काही कुणाला माहीत नाही असं नाही. केस, कलम, कोर्टाची तारीख, वकिलानं किती खाल्ले, सगळं चौकाला तोंडपाठ. तरी विचारायचंच. न्यायाधीशानं एकदा विचारून, शिक्षा देऊन विषय मिटवला. आमच्या चौकात रोज पेशी. परवा एकानं त्याला रोवणीला नेलं खरं, पण पन्नास रुपये कमी देऊन, वर "तुले कोण ठेवते सांग" हेही ऐकवलं. धानाचं रोप मजुराचं चारित्र्य बघून मुळं धरतं की काय, मला ठाऊक नाही.

हे सगळं ऑगस्टमध्येच डोक्यात यायचं कारण, या महिन्याचा दुसरा रविवार देशभरातली कॅथलिक मंडळी कैद्यांसाठी राखून ठेवतात. १९८१ साली केरळात कोट्टायमच्या सेमिनरीत शिकणाऱ्या फ्रान्सिस कोडियन आणि वर्गीस करिप्पेरी या दोघांनी जे काम सुरू केलं, त्याची आज ‘प्रिझन मिनिस्ट्री इंडिया’ झाली आहे. तिचे लोक तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटतात, सुटलेल्यांना निवारा देतात, त्यांच्या पोरांच्या शिक्षणाचं बघतात. त्यांचे आश्रयदाते संत मॅक्सिमिलियन कोल्बे. १९४१ साली आउश्वित्झच्या छावणीत दुसऱ्या कैद्याच्या जागी मरण पत्करलेले.

आपल्या मध्य प्रदेशातली गोष्ट तर याहून जवळची. सिस्टर राणी मारिया उदयनगर भागात आदिवासी मजुरांना सावकाराच्या तावडीतून सोडवायच्या खटपटीत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला समंदर सिंहनं त्यांना बसमध्ये भोसकून मारलं. त्याला जन्मठेप झाली. २००२ च्या राखीला राणी मारियांची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, इंदूरच्या जेलमध्ये गेली आणि तिनं त्याला राखी बांधली. त्याच्या सुटकेसाठी खटपट केली तीही बाईंच्या घरच्यांनीच. २००६ साली तो सुटला, पुढे केरळात जाऊन त्यांच्या आईवडिलांना भेटला.

ही गोष्ट मी चौकात सांगितली. राखीपाशी आलो तेव्हा दोघातिघांनी डोळे पुसले. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात एक काका म्हणाले, "सुटल्यावर त्यानं केलं काय?"

म्हटलं, "शेती. आपल्याच गावी."

"घरची?"

"हो, घरची."

"मंग त्याले कोणाच्या दारात उभं राहा लागते!"

यावर मला उत्तर सुचलं नाही. काका बोलले ते खरंच होतं. क्षमा करायला मोठ्या मनाची बहीण लागते, हे मान्य. पण ज्याच्या नावावर दोन एकरही नाहीत, त्याला राखीनंतर कुणीतरी मजुरीही द्यावी लागते. पूर्ण.

तर त्या बाकावरच्या माणसाशी मी आपणहून बोलायला गेलो. केसचं विचारायचं नाही, असं ठरवून गेलो, म्हणून जेवणाचं विचारलं. आणि माझा सगळा विषयच तिकडे वाहून गेला. जेलमध्ये म्हणे दिवस मावळायच्या आत जेवण उरकतं, कारण त्यानंतर बराकी बंद. इतक्या वर्षांची सवय. आता घरी आला तरी पाच-साडेपाचला पोट ताट मागतं. वहिनी म्हणते, "चूल दोनदा पेटवू का?" पहाटे मोजणीच्या वेळेला डोळा उघडतो, आणि दार आतून आपणच उघडायचं असतं हे त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागतो.

संध्याकाळचं जेवण लवकर घ्यावं, हे आमच्या डॉक्टरांनी मला कितीदा सांगितलंय. आमच्याकडे मालिका संपल्याशिवाय पान वाढलं जात नाही, म्हणजे रात्रीचे दहा. तुरुंगातल्या वेळापत्रकाचं मी घरी कौतुक केलं. बायको म्हणाली, "जाऊन या मग थोडे दिवस. साखर तरी उतरेल."