शर्यतीचा निवाडा सभागृहाचाच

विशेष संसदीय प्रतिनिधी, दूधविनायक (वाराणसी)

शिकारी कुत्रे सोडून कोल्ह्याची शिकार करण्यावर ब्रिटिश संसदेने २००४ मध्ये बंदी घातली, तेव्हा आपल्याला तो केवळ साहेबी शौकाचा विषय वाटला होता. पुढे बैलगाडा शर्यतीने तोच वाद आपल्या दारात आणून उभा केला. परंपरा मोठी की मुक्या जनावराची वेदना, हा त्याचा दर्शनी भाग. खरा प्रश्न, हे ठरवायचे कोणी?

ब्रिटनमध्ये आधी लॉर्ड बर्न्स यांच्या समितीने चौकशी केली. लॉर्ड्स सभागृहाने विधेयक अडवले, आंदोलक थेट कॉमन्समध्ये घुसले. तरीही लोकनियुक्त सभागृहाने पार्लमेंट अ‍ॅक्टचा आधार घेऊन कायदा केला. निर्णयाबद्दल मतभेद उरले. तो कोणाचा, याबद्दल उरला नाही.

आपल्याकडे जुलै २०११ मध्ये केंद्राच्या एका अधिसूचनेने खेळांसाठी बैलाच्या वापरास मनाई झाली. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने दुसऱ्या अधिसूचनेने सवलत दिली. न्यायालयाने तिलाही स्थगिती दिली. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये दुरुस्ती केली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती वैध ठरवली. सांस्कृतिक वारसा कोणता, हे ठरवण्यास विधिमंडळच अधिक योग्य, असा त्या निकालाचा आशय आहे. बारा वर्षांच्या या प्रवासात संसदेचा आवाज मात्र क्षीणच राहिला. तिने १९६० मध्ये केलेल्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड ठरला होता दहा ते पन्नास रुपये!

राज्याच्या दुरुस्तीत पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. चाबूक, काठी, विजेचा धक्का यांना नियमांनी मज्जाव केला आहे. शर्यतीला मिळालेली मान्यता या अटींवर उभी आहे. त्या पाळल्या जातात की नाही, याचा जाब सभागृहाने दरवर्षी घेतला पाहिजे. अन्यथा न्यायालयाने दाखवलेला विश्वास व्यर्थ ठरेल.

काशीतील या जुन्या मराठी मोहल्ल्याच्या गल्ल्यांत बैलगाडा शिरणार नाही. पण गावच्या यात्रेची ओढ येथील किंवा दिल्लीतील मराठी मनाला सुटलेली नाही. दुरून डोंगर साजरे दिसतात, तशी यात्राही साजरी दिसते. बैलाच्या पाठीवरचा वळ मात्र दुरून दिसत नाही. तो पाहण्याची जबाबदारी आपण निवडून दिलेल्यांची आहे, आणि त्यांना ती आठवण करून देण्याची आपली.