पाहुणा आपला, वाट परक्याची

श्रावण सरत आला की साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या कास पठारावर फुलांचा हंगाम सुरू होतो. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा मान दिला. कास, कोयना आणि चांदोली ही सातारा-सांगलीच्या परिसरातील स्थळे त्यांत होती. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ दुर्गांना हाच मान मिळाला आणि त्यांत साताऱ्याचा प्रतापगड आहे. परगावच्या कुटुंबांची पावले या भागाकडे वळण्यास एवढे पुरेसे आहे. प्रश्न असा, की हा पाहुणा उतरतो कोणाकडे आणि त्याला त्या दारापर्यंत आणून सोडतो कोण?

एके काळी वाईच्या एस.टी. स्थानकावर उतरलेला यात्रेकरू ढोल्या गणपतीच्या घाटावर चौकशी करी. फुलवालीने एक नाव सांगावे, पुजाऱ्यानेही तेच सांगावे, की यात्रेकरूचा निर्णय होई. आज तो पुण्या-मुंबईच्या घरी बसून भ्रमणध्वनीवर शोध घेतो आणि वर दिसणाऱ्या चार-पाच नावांतून एक निवडतो. ही नावे बहुधा खोल्यांचे आरक्षण करून देणाऱ्या मोठ्या कंपन्यांची असतात. खोली मेढ्याच्या वा भिलारच्या घरमालकाची, स्वयंपाक त्याच्या घरचा, पण पाहुण्याचा पहिला संवाद होतो मध्यस्थाशी, आणि प्रत्येक आरक्षणामागे ठरावीक टक्का त्याला द्यावा लागतो.

मध्यस्थाने मोबदला घ्यावा यात गैर काही नाही. आडवारी रिकाम्या खोल्या तोच भरतो, हेही खरे. परंतु दुकानाची किल्लीच त्याच्या हाती गेली तर काय होते, याचे उदाहरण देशासमोर आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबो समूहास २२३ कोटी ४८ लाख, तर ओयोस १६८ कोटी ८८ लाख रुपयांचा दंड ठोठावला. मेकमायट्रिप समूहाविरुद्ध आयोगाने नोंदविलेल्या आक्षेपांपैकी एक असा, की हॉटेलचालकाने स्वतःच्या संकेतस्थळावरही कमी दर लावू नये अशी अट त्याच्यावर घातली जात होती. स्वतःच्या घरातील खोलीचा दर स्वतःच्या पाटीवर लिहिण्याची मोकळीक उरू नये, याहून मोठे परावलंबन कोणते? म्हणूनच छोट्या निवासचालकाचे स्वतःचे संकेतस्थळ असणे आणि ते शोधात वर दिसणे हा त्याच्या स्वावलंबनाचा प्रश्न आहे.

गुगलची स्थापना १९९८ साली झाली. तिच्या शोधपद्धतीचे मूळ सूत्र वाईच्या घाटावरील त्या चौकशीहून फारसे वेगळे नव्हते. ज्या पानाकडे इतर विश्वासार्ह पाने बोट दाखवतात, ते पान अधिक महत्त्वाचे. पुढे त्यात असंख्य निकषांची भर पडली, तरी गाभा तोच राहिला. पाहुण्याच्या प्रश्नाचे नेमके उत्तर कोणत्या पानावर आहे आणि त्या पानाला चार जणांची साक्ष आहे का, हेच यंत्र तपासते. परिसरातील निवास शोधताना विचारलेल्या गोष्टीशी मेळ, अंतर आणि प्रसिद्धी या तीन गोष्टी तोलल्या जातात, असे गुगलच सांगते.

आता सातारा-सांगलीच्या छोट्या संकेतस्थळांवर पुष्कळदा काय आढळते? दरपत्रक, भोजनाची यादी आणि पत्ता, सारे एका चित्रात कोंबलेले. माणसाला ते दिसते, पण मजकुराप्रमाणे चित्र वाचणे यंत्राला तितके भरवशाचे नसते. काही ठिकाणी मराठी मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या अक्षरवळणांत टंकलेला असतो. पडद्यावर सुबक देवनागरी दिसते, पण यंत्राच्या लेखी ती रोमन अक्षरांची निरर्थक माळ असते. अशा पानावर मराठी शोध पोहोचावा कसा? तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये असावा, चित्रे हलकी असावीत आणि घाटातील क्षीण जोडणीवरही पान लवकर उघडावे. नाव, पत्ता आणि दूरध्वनी सर्वत्र एकसारखा असावा. पाचगणी असे लिहिणारे आहेत, तसेच पंचगणी लिहिणारेही आहेत. दोन्ही रूपे मजकुरात सहज यावीत, मात्र त्यांची जपमाळ ओढू नये.

याहून महत्त्वाचे आहे ते प्रश्नाची निवड करणे. ‘महाबळेश्वर हॉटेल’ या दोन शब्दांसाठी बलाढ्य कंपन्यांशी झुंजणे व्यर्थ आहे. पण कासच्या हंगामात प्रवेशाची नोंदणी कशी करावी, वृद्ध आई-वडिलांना किती चालावे लागेल, ठोसेघरचा धबधबा आणि सज्जनगड एका दिवसात होतो का, मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा पाहून मुक्कामास कुठे यावे, या प्रश्नांची उत्तरे दूरच्या महानगरात बसलेला लेखनिक देऊ शकत नाही. ती त्या वाटेवर रोज चालणाऱ्यालाच ठाऊक असतात. एकेका प्रश्नाला एकेक पान द्यावे, शीर्षकात तोच प्रश्न असावा आणि हंगामागणिक मजकूर सुधारावा. अलीकडे शोधयंत्र स्वतःच उत्तर रचून देऊ लागले आहे, पण तेही कुणीतरी आधी लिहिलेल्या माहितीच्या आधारेच.

सांगलीकडे तर पाहुणाच वेगळा. हळदीच्या बाजारपेठेत येणारा व्यापारी, औदुंबरला दत्तदर्शनासाठी निघालेले कुटुंब आणि मिरजेच्या रुग्णालयांत उपचारासाठी आलेल्या रुग्णाचे नातेवाईक हे येथील मुक्कामी. मिरजेत उत्तर कर्नाटकातून येणाऱ्या रुग्णांची परंपरा जुनी आहे. त्यांना डोंगराचे छायाचित्र नको असते. रुग्णालयापासूनचे अंतर, पथ्याचे जेवण, गरम पाणी आणि आठवड्याचा दर एवढे कळले तरी पुरते. मिरजेच्या निवासचालकाने हे एक पान मराठीबरोबर कन्नडमध्येही लिहिले, तर संकटात सापडलेल्या अपरिचिताला आधार मिळेल आणि व्यवसायालाही.

साक्षीचे काय? गुगलवरील व्यवसायाची नोंद विनामूल्य आहे. ती करून पडताळणी पूर्ण करावी, खरी छायाचित्रे लावावीत आणि निघताना पाहुण्यास अभिप्राय लिहिण्याची विनंती करावी. सवलतीच्या आमिषाने अभिप्राय मिळवणे नियमबाह्य आहे आणि अतिथिधर्माला न शोभणारेही. तक्रार आली तर तिला सौम्य शब्दांत उत्तर द्यावे. वाचणारा तक्रारीपेक्षा उत्तरावरून यजमानाची पारख करतो. महिन्याभरात पहिला क्रमांक मिळवून देतो, असे सांगणाऱ्यापासून मात्र सावध राहावे. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गुगलनेच स्पष्ट केले आहे. विकतचे दुवे जोडून वर चढलेल्या संकेतस्थळांना तिने खाली ढकलण्यास आरंभ केला, तो आजही थांबलेला नाही.

खरे दुवे शेजारधर्मातून येतात. भिलार हे २०१७ पासून पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाते. तेथील निवासचालकाने महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी उत्पादकाचा उल्लेख आपल्या पानावर करावा आणि त्याने याचा. मिरजेच्या सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील वाद्यकारागिरांची माहिती मिरजेच्या निवासाने द्यावी. गावातील शाळा, देवस्थान, दुर्गसंवर्धनाचे मंडळ यांनीही बाहेरून येणाऱ्यांस गावच्या निवासांची यादी द्यावी. एकट्या घराचे नाव यंत्राच्या कानी पडणे कठीण, पण साऱ्या गावाने एकमेकांची नावे घेतली तर ती ऐकू येतातच.

यास महिने लागतील. पण आज मध्यस्थामार्फत आलेला पाहुणा पुढच्या वर्षी थेट घरमालकाला दूरध्वनी करील, आणि गावात मिळालेला पैसा गावातच राहील. पाटी स्वतःच्या दारावर, स्वतःच्या अक्षरात आणि खऱ्या मजकुराची असावी, एवढेच त्यासाठी पुरे आहे.