लेकीचा वारसा

लंडनलगतच्या क्रॉयडन गावी एक संगीतरचनाकार आपल्या चिमुरड्या मुलीला घेऊन रस्त्याने जात. टवाळ पोरांचा घोळका समोरून येताना दिसला, की ते तिचा हात अगदी दुखेपर्यंत घट्ट धरीत. ती पोरे त्यांच्या काळ्या रंगावरून ओरडत असत. ही आठवण त्या मुलीनेच पुढे लिहून ठेवली. तिचे नाव एव्हरिल कोलरिज-टेलर. आज आमच्या वाचक बंधु-भगिनींना आम्ही तिचीच ओळख करून देत आहोत.

एव्हरिलचा जन्म ८ मार्च १९०३ चा. वडील सॅम्युएल हे आफ्रिकेतील सिएरा लिओनच्या एका डॉक्टरांचे आणि इंग्रज मातेचे पुत्र. १८९८ साली त्यांच्या 'हायावाथाज वेडिंग फीस्ट' या समूहगायनाच्या रचनेने इंग्लंडात त्यांचे नाव गाजले. परंतु तिचे हक्क त्यांनी अवघ्या १५ गिनींना विकून टाकले होते. छापील प्रती लाखोंनी खपल्या, घरात मात्र त्यातला पैसा आला नाही. १९१२ साली न्यूमोनियाने वयाच्या ३७ व्या वर्षी ते वारले. राजाने त्यांच्या पत्नीला वर्षाला १०० पौंड निवृत्तिवेतन दिले. १९१४ साली संगीतकारांच्या हक्कांसाठी 'परफॉर्मिंग राइट सोसायटी' स्थापन झाली, तिच्यामागे या घराची झालेली आबाळ हेही एक कारण होते.

बाप गेला तेव्हा एव्हरिल नऊ वर्षांची होती. बाराव्या वर्षी तिने पहिले गाणे रचले आणि ट्रिनिटी संगीत महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळवली. १९३३ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये तिने वाद्यवृंदाचे संचालन केले. रॉयल मरीन्स या सैन्यदलाच्या बँडचे संचालन करणारी ती पहिली स्त्री. स्त्रीने छडी घेऊन पुरुष वादकांसमोर उभे राहावे, हे त्या काळी अनेकांना सोसत नसे. काही रचना तिने 'पीटर रायली' या पुरुषी नावाने केल्या.

१९५२ साली एव्हरिलबाई दक्षिण आफ्रिकेला गेल्या. तेथे वर्णभेदाचे राज्य होते. त्यांना गोरी समजले गेले, म्हणून मान मिळाला, कामही मिळाले. त्या राजवटीविषयी प्रारंभी त्यांची तक्रारही नव्हती. परंतु आजोबा काळे होते, हे सरकारला कळले आणि त्यांना संगीतरचनेचे व संचालनाचे काम करण्यास मनाई झाली. हात तेच, विद्या तीच. एका पिढीमागचे रक्त मोजले आणि विद्येची किंमत शून्य झाली! ज्या व्यवस्थेत माणूस जन्मावरून तोलला जातो, तिने दिलेला मान ती कधीही काढून घेऊ शकते. तो मान दुसऱ्याला नाकारूनच आपल्याला मिळालेला असतो, हे आम्ही तरी विसरू नये.

एव्हरिलबाई खचल्या नाहीत. १९५७ साली घाना देश स्वतंत्र झाला, तेव्हा त्या सोहळ्यासाठी त्यांनी संचलनगीताची धून रचली. वडिलांचे चरित्रही त्यांनी लिहिले. १९९८ साली त्या वारल्या. त्यांच्या स्वतःच्या बहुतेक रचना मात्र दीर्घकाळ पडून राहिल्या. २०२२ साली 'चिनेके' या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणात बापलेकीच्या रचना एकत्र आल्या.

बापाचे नाव जपणाऱ्या लेकीचे स्वतःचे कामही तितक्याच आस्थेने जपले पाहिजे. आणि घामाच्या कमाईचा कागद वाचल्याशिवाय कोणी सही करू नये, हेही या घराची कहाणी आम्हाला सांगते.