मधुमेहाच्या घरात गोंदणाची हौस

वाचकहो, गेल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांतून एक पत्र मी मुद्दाम बाजूला काढून ठेवले होते. ते एका आईचे आहे. त्यांच्या मुलीला वयाच्या ९व्या वर्षी टाइप १ मधुमेह जडला. आज ती १९ वर्षांची आहे, महाविद्यालयात शिकते, आपले इन्सुलिन आपणच घेते. तिला मनगटावर टॅटू काढून घ्यायचा आहे. दहा वर्षे जिला नाइलाजाने सुया टोचाव्या लागल्या, तिने आता हौसेने सुई टोचून घ्यावी हे आईला सोसत नाही. मधुमेह असताना टॅटू चालत नाही, असे या स्तंभातून एकदा स्पष्ट लिहावे, म्हणजे मुलगी ऐकेल, अशी त्यांची विनंती आहे.

ही विनंती मला मान्य करता येत नाही, कारण ते विधान खरे नाही. मधुमेहाचे निदान झाले एवढ्याच कारणाने गोंदवून घेण्यास मज्जाव करावा, असे वैद्यकशास्त्र सांगत नाही. ते एवढेच सांगते की टॅटू ही एक जखम आहे, आणि प्रत्येक जखमेच्या वेळी मधुमेही व्यक्तीला जे प्रश्न विचारावे लागतात ते येथेही विचारावेत. रक्तातील साखर आटोक्यात आहे का? जखम शरीराच्या कोणत्या भागावर होणार? ती करणाऱ्याचे हात आणि हत्यारे स्वच्छ आहेत का? या तीन प्रश्नांची उत्तरे अनुकूल असतील, तर मधुमेहाच्या नावाने 'नाही' म्हणण्याचा अधिकार आई-वडिलांनाही नाही आणि मलाही नाही.

गोंदण आपल्याकडे नवे नाही. कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर हिरवट ठिपके आणि तुळस मिरवणाऱ्या आज्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या आहेत. अंगावरचे सारे दागिने मागे राहतात, गोंदण तेवढे सोबत येते, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांतल्या कितीतरी जणींना उतारवयात मधुमेह झाला, आणि त्या जुन्या गोंदणाचा त्यांना काडीचाही त्रास झाला नाही. म्हणजे त्वचेत मुरलेली शाई हा मधुमेहाचा प्रश्न नव्हे. प्रश्न आहे तो ती शाई मुरेपर्यंतच्या काही आठवड्यांचा.

त्या आठवड्यांत काय घडते ते पाहू. टॅटूची सुई बाह्यत्वचा ओलांडून सुमारे एक ते दोन मिलिमीटर खाली, अंतस्त्वचेत शाई सोडते, आणि हे मिनिटाला शेकडो वेळा घडते. शरीराच्या दृष्टीने हा परकीय पदार्थाचा हल्ला असतो. रक्तातील भक्षक पेशी धावून येतात आणि शाईचे कण गिळून टाकतात. पण ते कण त्यांना पचवता येत नाहीत. त्या पेशी कण पोटात घेऊन तेथेच थांबतात. त्या मेल्या की नव्या पेशी तेच कण पुन्हा गिळतात. टॅटू वर्षानुवर्षे टिकतो तो असा. आपण ज्याला शोभेची रेघ म्हणतो, ती प्रत्यक्षात शरीराच्या संरक्षक फौजेची कायमची छावणी आहे.

साखर दीर्घकाळ चढी असली की ही फौज मंदावते. पांढऱ्या पेशी जखमेपाशी उशिरा पोहोचतात, पोहोचल्यावर जंतूंना मारण्याची त्यांची ताकद उणी पडते. सूक्ष्म रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतील तर प्राणवायूचा पुरवठाही तोकडा पडतो. एरवी दोन-तीन आठवड्यांत वरून भरून येणारी त्वचा मग रेंगाळते, आणि उघड्या जखमेला जंतुसंसर्ग होण्यास तेवढे अधिक दिवस मिळतात.

म्हणून पहिला कस एचबीए१सी या चाचणीचा. मागील दोन-तीन महिन्यांत साखर सरासरी कशी होती, हे तीवरून कळते. गोंदवण्यासाठी सर्वांना लागू पडेल असा एकच ठरीव आकडा नाही. तो वय, औषधे आणि इतर विकार पाहून आपल्या डॉक्टरांनी ठरवायचा असतो. माझ्यापुरते सांगायचे तर हा आकडा ७ च्या आसपास असेल तर मी हरकत घेत नाही, आणि ८ च्या वर असेल तर थांबायला सांगतो. पावलांची संवेदना कमी झालेली असणे, मूत्रपिंडाचा विकार, चालू स्टेरॉइड्स यांपैकी काहीही असेल, तर माझे उत्तर स्वच्छ नकाराचे असते.

दुसरा प्रश्न जागेचा, आणि येथे मी फार आग्रही आहे. गुडघ्याखाली गोंदवू नका. नडगी, घोटा, पाऊल या जागांचा रक्तपुरवठा मधुमेहात सर्वांत आधी खालावतो, तेथील जखमा सर्वांत उशिरा भरतात, आणि चपलेचा पट्टा, मोजा, रस्त्यावरची धूळ त्यांना स्वस्थ बसू देत नाहीत. काही वर्षांपूर्वी वसतिगृहात राहणारा एक विद्यार्थी माझ्याकडे आला होता. त्यालाही टाइप १ मधुमेह. मित्रांबरोबर एका जत्रेत त्याने घोट्यावर गोंदवून घेतले. घरी कळले तर ओरडा बसेल म्हणून सांगितले नाही. आणि मधुमेही आहे म्हटल्यावर परत पाठवतील म्हणून गोंदणाऱ्यालाही सांगितले नाही. चौथ्या दिवशी घोटा सुजला. साखर ३०० च्या खाली येईना. जेवण जात नाही म्हणून त्याने इन्सुलिनही कमी केले, आणि आठव्या दिवशी उलट्या व धाप घेऊन तो रुग्णालयात दाखल झाला. रक्तात कीटोन वाढून आम्लता निर्माण झाली होती. तो वाचला, पाऊलही वाचले. पण त्या आठवड्याचा विचार करताना मला जंतूंपेक्षा त्याच्या दुहेरी मौनाचेच नवल वाटते. चौथ्या दिवशी घरी एक फोन केला असता, तर सारे प्रकरण गोळ्यांच्या एका कोर्सवर निभावले असते.

नको असलेल्या जागांची यादी येथे संपत नाही. पोट, मांडीची बाहेरची बाजू, दंडाचा मागचा भाग या इन्सुलिन टोचण्याच्या जागा. ताज्या टॅटूवर सुई टोचता येत नाही आणि साखर मोजणारा सेन्सरही चिकटवता येत नाही. शिवाय पुढे त्या जागेची त्वचा लाल झाली, गाठ आली, तर गडद शाईखाली ते चटकन दिसत नाही. छाती व खांद्यावर ज्यांच्या जखमांचे वण उंच, जाड होतात त्यांनी त्या जागाही टाळाव्यात. उरतो तो हाताचा कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग. पत्रातील मुलीने मनगट निवडले आहे. तिची निवड योग्य आहे, हे तिच्या आईने तिला अवश्य सांगावे.

तिसरा प्रश्न हत्यारांचा. जत्रेत एकच सुई आणि एकच शाईची वाटी दिवसभर अनेकांच्या अंगावर फिरते. कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही यांचा प्रसार रक्तातून होतो, आणि त्यांना यापेक्षा सोपा मार्ग क्वचितच मिळेल. जत्रेतले गोंदण मधुमेह नसलेल्यांसाठीही धोक्याचेच आहे. चांगल्या दुकानात सुईचे बंद पाकीट तुमच्यासमोर फोडले जाते, शाई लहानशा वेगळ्या टोपणात ओतून उरलेली टाकून दिली जाते, हातमोजे नवे असतात, आणि पुन्हा वापरायची उपकरणे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालील वाफेत, निर्जंतुक होतात. हे सारे दाखवा, असे मागायला संकोच करू नका. जो दाखवायला कुरकुर करतो त्याच्याकडून गोंदवू नका.

शाईकडे मात्र आपले लक्ष जात नाही. २०११ च्या अखेरीस अमेरिकेतील रॉचेस्टर शहरात एकाच गोंदणकाराकडे गेलेल्या १९ जणांच्या टॅटूवर चिवट पुरळ उठले. शोध घेता क्षयाच्या जंतूंच्या गोतावळ्यातील, एरवी पाण्यात व मातीत राहणारा एक जंतू सापडला. तो आला होता कारखान्यातून तयार होऊन आलेल्या करड्या शाईतून. पुढे उत्पादकाने ती शाई परत मागवली. यातून घ्यायचे ते एवढेच की, रंग फिका करण्यासाठी कोणी नळाचे पाणी मिसळताना दिसला तर तेथून उठावे. लाल रंगाने अॅलर्जी होण्याचे प्रमाण इतर रंगांपेक्षा अधिक असते. साधी काळी रेघ त्यामानाने निर्धोक.

प्रत्यक्ष दिवशी उपाशीपोटी जाऊ नका. इन्सुलिन घेतले, गोंदवणे लांबले आणि जेवण राहून गेले, असा प्रकार सहज घडतो. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखरही अशीच घसरते. उलट काहींची साखर वेदनेने व ताणाने चढते. म्हणून आधी, दर तासाला आणि शेवटी मोजा. ७० च्या खाली गेली तर हात आखडता घेऊन ग्लुकोज घ्या आणि साखर सावरल्यावरच पुन्हा बसा. घाम आणि थरथर केवळ भीतीने सुटली असे गोंदणाऱ्याला वाटू नये, यासाठी त्याला मधुमेहाची कल्पना आधीच द्या. मोठे चित्र एका बैठकीत पुरे करण्याचा हट्ट नको. हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेणाऱ्या पन्नाशीच्या वाचकांनी (नातवंडाचे नाव हातावर हवे, असे म्हणणारे आजोबा मला भेटले आहेत!) टॅटूसाठी ती गोळी परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे, आणि त्यांनी नको म्हटले तर नाव सोन्याच्या पदकावर कोरून घ्यावे.

नंतरची काळजी कंटाळवाणी असते, पण तीच निर्णायक ठरते. सौम्य साबण व स्वच्छ पाण्याने हलके धुणे, टिपून कोरडे करणे, सांगितलेल्या मलमाचा पातळ थर लावणे, एवढेच करायचे. हळद, तूप, टूथपेस्ट, आजीचा लेप यांपैकी काहीही लावू नये. खपली काढू नये. जखम भरेपर्यंत तरणतलाव, नदी आणि समुद्र वर्ज्य. पहिल्या दोन-तीन दिवसांची लाली व हुळहुळणे स्वाभाविक असते. लाली पसरू लागली, जागा गरम लागली, पू दिसला, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि मधुमेहींसाठी आणखी एक खूण: खाण्यात बदल नसताना साखर चढू लागणे. कित्येकदा जखमेवर काही दिसण्याआधीच ग्लुकोमीटर संसर्गाची वर्दी देतो. अशा वेळी टाइप १ च्या रुग्णाने कीटोन तपासावेत, आणि जेवण गेले नाही तरी इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नये.

आता त्या पत्रातील एक तपशील, जो मी अद्याप सांगितला नव्हता. मुलीला मनगटावर फूल किंवा पाखरू नको आहे. तिला 'टाइप १ मधुमेह' एवढीच अक्षरे हवी आहेत. रस्त्यात शुद्ध हरपली तर कोणालातरी कळावे म्हणून. आईला हेच अधिक झोंबले आहे. जी गोष्ट दहा वर्षे नातेवाइकांपासून झाकून ठेवली, ती मुलगी मनगटावर लिहून फिरणार!

माताजी, या ठिकाणी तुमचा विरोध मधुमेहाच्या जखमेला आहे की मधुमेह उघड होण्याला, हे तुम्हीच तपासून पाहा. दोन्हींची उत्तरे निराळी आहेत. पहिल्याचे मी वर दिले. दुसरे तुमच्या लेकीने दिलेच आहे. या प्रकारचा टॅटू इतर देशांत बरेच जण काढून घेतात, आणि नाडी पाहणाऱ्याची नजर मनगटावर जातेच. तरीही त्यावर सर्वस्वी विसंबू नये. आपल्याकडे रुग्णवाहिकेतील प्रत्येकाची नजर त्यासाठी तयार असेल असे नाही. पाकिटातील कार्ड व मोबाइलच्या बंद पडद्यावरची वैद्यकीय माहिती ठेवावीच. अक्षरे मोठी, काळी, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असावीत. इन्सुलिनचे नाव अथवा मात्रा गोंदवू नये, ती बदलत राहते. टाइप २ च्या रुग्णांना मी असा टॅटू सुचवत नाही. वजन उतरल्यावर त्यांच्यापैकी काहींची साखर औषधांविना ताळ्यावर येते, आणि मग मनगट खोटे बोलू लागते.

तिच्या लसीकरणाचे कार्ड शोधा. कावीळ ब ची लस झालेली नसेल तर पहिली मात्रा याच आठवड्यात द्या. दुसरी एका महिन्याने, तिसरी पहिलीपासून सहा महिन्यांनी. धनुर्वाताची लसही त्याच वेळी विचारून घ्या. या सहा महिन्यांत तिची एचबीए१सी दोनदा होईल. दोन्ही आकडे डॉक्टरांच्या मनासारखे आले, तर दुकान पाहायला तुम्ही तिच्याबरोबर जा, आणि सुईचे पाकीट तुमच्यादेखत फोडायला सांगा.