जिमखाना फीचा हिशेब द्या



भारतीय फुटबॉल रसातळाला गेला की ‘आपल्याकडे क्रिकेटच चालतं’ म्हणून सगळे मोकळे होतात. ही निव्वळ पळवाट आहे. आमच्या देवनार-गोवंडीत संध्याकाळी दोन विटांचा गोल मांडून पोरं खेळतात. निम्मी अनवाणी, चेंडू गटारात गेला की काठीने काढायचा, फडक्याला पुसायचा आणि पुन्हा सुरू. खेळणाऱ्यांची वानवा नाही. वानवा आहे ती हिशेब दाखवणाऱ्यांची.

महिंद्र युनायटेडने 2005-06 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली. 2010 मध्ये कंपनीने संघच गुंडाळला. 2007 मध्ये निघालेला मुंबई एफसी 2017 मध्ये आय-लीगमधून घसरला आणि मालकांनी हात वर केले. विजेता असो वा तळाचा, गत एकच. कोट्यवधी ओतणाऱ्याने तोटा किती सोसायचा, हा प्रश्न रास्त आहे. पण मग संघाला शहराचे नाव तरी कशाला? डिसेंबर 2025 मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपही मुंबई सिटी या संघाच्या मालकीतून बाहेर पडला.

भारतीय फुटबॉल महासंघाची तऱ्हा तर और! मुदत डिसेंबर 2020 मध्ये संपूनही प्रफुल्ल पटेल अध्यक्षपदी राहिले. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दूर करून प्रशासक नेमले, तर ऑगस्टमध्ये फिफाने बाहेरच्या हस्तक्षेपाचे कारण देऊन भारतालाच निलंबित केले. नवी मुंबईत अंतिम सामना व्हायचा होता तो 17 वर्षांखालील मुलींचा विश्वचषक जाता जाता वाचला. पैशाचे म्हणाल, तर 2010 मध्ये एकाच उद्योगसमूहाशी व्यावसायिक हक्कांचा 15 वर्षांचा करार. तो डिसेंबर 2025 मध्ये संपणार हे कागदावरच होते. तरी ऐनवेळी काढलेल्या निविदेला एकही बोली आली नाही, आणि काही क्लबांनी त्याआधीच पगार थांबवले होते.

हिशेब न दाखवण्याचे हेच दुखणे कॉलेजांतही आहे. जिमखाना फी प्रत्येक विद्यार्थी भरतो, मग तो मैदानावर फिरको वा न फिरको. त्यातले फुटबॉलला किती, मैदानाच्या भाड्याला किती, हे नोटीस बोर्डावर लागलेले मी कधी पाहिले नाही. संघातली मुले मात्र बुटांसाठी आपसांत वर्गणी काढतात. महासंघाला सुधारणे आपल्या हातात नसेल, हे आहे. मुंबई विद्यापीठाने संलग्न महाविद्यालयांना जिमखाना फीचा खेळनिहाय खर्च दरवर्षी जाहीर करणे सक्तीचे करावे, आणि पालकांनी प्रवेशाच्या वेळीच तो मागावा.

– एक माजी कॉलेज खेळाडू, देवनार