मेट्रो, मेट्रोलाईट की निओ? संभाजीनगरकरांनो, आधी हा आकडा बघा!

वाळूजला सेकंड शिफ्ट सुटली की घरी कसं जायचं? बाईक असेल तर ठीक, नाहीतर शेअर रिक्षात दाटीवाटीने बसा. त्यामुळे शेंद्रा ते वाळूज मेट्रोची बातमी आली की आपले स्टेटस लगेच बदलतात. महामेट्रोने मांडलेला आराखडाही भारी आहे: जालना रोडवर उड्डाणपूल आणि त्याच्या वर मेट्रो. पण मेट्रो येणार की नाही, हे ठरतं कशावर?

खेळ एका आकड्याचा

गर्दीच्या एका तासात, एका दिशेने किती प्रवासी जातात, हा तो आकडा. त्यावरून गाडीचा प्रकार ठरतो.

• मेट्रोलाईट: ट्रामसारखी हलकी रेल्वे. तीन डबे, साधारण ३०० प्रवासी. तासाला १५,००० प्रवाशांपर्यंत.

• मेट्रो निओ: रबरी टायरची, वरच्या तारेतून वीज घेणारी लांब बस. रूळ लागत नाहीत. तासाला ८,००० पर्यंत.

आता आपली सिटी बस घ्या. दर १० मिनिटांनी एक बस आणि बसमध्ये ५० जण धरले, तर तासाला होतात फक्त ३००! सर्व्हेतून अंदाज काढता येतो, पण रोज फाटणारं तिकीट हा पक्का पुरावा.

बस किती हव्यात?

केंद्राच्या निकषानुसार चांगल्या सेवेसाठी दर हजार लोकांमागे ०.६ बस लागतात. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या होती पावणेबारा लाख. म्हणजे त्या जुन्या आकड्यालाही साधारण ७०० बस हव्यात. २०१९ मध्ये 'माझी स्मार्ट बस' सुरू झाली ती १०० बसवर. हजारामागे ०.१ सुद्धा नाही.

नाशिककडेही बघा. २०२१ च्या केंद्रीय बजेटमध्ये तिथल्या निओसाठी २,०९२ कोटी जाहीर झाले. निओ अजून रस्त्यावर आलेली नाही. घोषणा आणि गाडी यांच्यात कितीतरी वर्षं जातात. तोवर कॉलेजला, कंपनीत जायचं कसं?

मोबाईलचा काय संबंध?

खूप आहे! स्टॉप, मार्ग आणि वेळापत्रक यांची माहिती जीटीएफएस नावाच्या ठरलेल्या साच्यात खुली केली की गूगल मॅप्ससारखं कुठलंही अ‍ॅप ती दाखवू शकतं. गाडीतल्या जीपीएसचा लाईव्ह डेटा जोडला की बस क्रांती चौकात आहे की सिडकोत, हे घरबसल्या कळतं. उड्डाणपुलाच्या खर्चापुढे हे काम किरकोळ आहे. बस कधी येणार हे कळलं की माणूस थांबतो. थांबला की तिकीट फाटतं, आणि तोच आकडा उद्या हलक्या रेल्वेची बाजू मांडतो.

म्हणून मत मागायला कोणी आलं तर 'मेट्रो कधी?' याच्या आधी विचारा: 'बस किती वाढवणार, आणि ती माझ्या मोबाईलवर कधी दिसणार?'