लैंगिक आजार रोखण्यासाठी वस्तीतलेच आरोग्यमित्र नेमण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
आदिलाबाद, तेलंगणा.

विषय: मराठी व गोंडी बोलणाऱ्या गावांत मानधनावर आरोग्यमित्र नेमणे.

महोदय,

बेला, जैनथ, तामसी व भीमपूर मंडलांतील आम्ही मराठीभाषक नागरिक आज प्रजावाणी या जनतक्रार सुनावणीत हे निवेदन सादर करीत आहोत.

महाराष्ट्राच्या सीमेवरून वाहणाऱ्या पैनगंगेच्या दोन्ही काठांवर आमची सोयरीक आहे. बाजारहाट आणि मजुरीसाठी रोजची ये-जा आहे. राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून ट्रक अहोरात्र धावतात, कापसाच्या हंगामात जिनिंगवर बाहेरगावचे मजूर येतात. माणसांसोबत आजारही हद्द ओलांडतो.

अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, हे बाई सासूलाही सांगत नाही. परक्या भाषेत, पुरुष डॉक्टरसमोर, रांगेतल्या बायकांच्या देखत तर नाहीच. पुरुषाला लघवीला जळजळ झाली की तो मेडिकलवरून दोन गोळ्या घेतो आणि बरे वाटताच थांबतो. बायकोला औषध मिळतच नाही, त्यामुळे दुखणे पुन्हा त्याच घरात फिरते. गरमीवर, म्हणजे सिफिलिसवर, पेनिसिलिनचे इंजेक्शन आहे. पण गरोदरपणी ती वेळेत ओळखली नाही तर मूल पोटातच दगावू शकते. जननेंद्रियावरील जखमांमुळे एचआयव्हीचा धोका वाढतो तो वेगळाच.

यावर उपाय आहे. सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ संस्थेच्या कामात वेश्याव्यवसायातील महिलांनीच मैत्रिणींना निरोध वाटले, आजार समजावून सांगितला. पुढे त्यांनीच ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी केली. त्या बाहेरून आलेल्या उपदेशक नव्हत्या, म्हणून त्यांचे ऐकले गेले. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमानेही जोखमीच्या गटांसाठी त्यांच्यातलेच ‘पिअर’ नेमण्याची पद्धत स्वीकारली आहे. तीच पद्धत आमच्या गावांपर्यंत यावी.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी की, सीमेवरील प्रत्येक मंडलात मराठी व गोंडी बोलणाऱ्या स्त्री-पुरुष आरोग्यमित्रांची नेमणूक व्हावी. त्यांत महामार्गावरचे वाहनचालक, जिनिंग कामगार, देहविक्री करणाऱ्या महिला आणि तृतीयपंथी यांच्यातलेच लोक असावेत. हे काम फुकटची सेवा समजू नये. दरमहा ठरलेले मानधन व प्रवासखर्च वेळेवर मिळावा. आरोग्यमित्राने रुग्णाला हाताला धरून लैंगिक आजारांवरील सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’पर्यंत न्यावे, जोडीदाराचाही उपचार पूर्ण करून घ्यावा. औषध देणे मात्र डॉक्टरांचेच काम राहील. प्राथमिक आरोग्य केंद्रांत या आजारांवरील औषधांचे किट व निरोध कधीही संपू नयेत, आठवड्यातून एक दिवस महिला डॉक्टर बसाव्यात. हंगामात जिनिंग व ट्रक थांब्यांवर सायंकाळी तपासणी शिबिरे घ्यावीत, कारण दिवसा मजुरी बुडवून कोणी येत नाही.

गुप्ततेबाबत आम्ही आग्रही आहोत. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीशिवाय चाचणी करण्यास व माहिती उघड करण्यास मनाई केली आहे. गावात एकदा नाव फुटले की दुसरा रुग्ण दवाखान्याची पायरी चढत नाही. म्हणून आरोग्यमित्रांच्या प्रशिक्षणात हा विषय सर्वांत आधी असावा.

पुढील कापूस हंगाम सुरू होण्यापूर्वी या नेमणुका कराव्यात आणि निर्णय आम्हाला लेखी कळवावा, ही नम्र विनंती.

आपले विनीत,
सीमावर्ती मंडलांतील मराठीभाषक नागरिक व बचत गटांच्या महिला

प्रत: मा. जिल्हा वैद्यकीय व आरोग्य अधिकारी, आदिलाबाद